कॉम्प्युटर तुमचा, आतलं सॉफ्टवेअर कुणाचं?

मागच्या दिवाळीच्या तोंडावर भाचा एक कागद घेऊन घरी आला. इंदूरच्या आरएनटी मार्गावरच्या सिल्वर मॉलमधल्या एका दुकानदारानं लिहून दिलेलं कोटेशन. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी, कॅबिनेट, एसएमपीएस, एकाखाली एक, प्रत्येकापुढे आकडा. सगळ्यात खाली, पेनानं दोनदा गिरवून: 'विंडोज + ऑफिस + फोटोशॉप – फ्री'. आणि कागदाच्या पाठीवर भाच्याच्या अक्षरात: 'मॅक पण टाकून देतो म्हणाला. ३००० वेगळे.'

भाचा लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट बंद झाले, त्याचं जुनं मशीन विंडोज ११ घ्यायला तयार नाही, म्हणून नवीन घेणं आलं. मनात मॅक, म्हणजे ॲपलचा कॉम्प्युटर होता. पण त्याची किंमत ऐकून आमच्या ताईनं हातातला चहाचा कप खाली ठेवला, तेव्हाच तो विषय संपला होता. दुकानदारानं तो पुन्हा उघडला: मशीन असेंबल्डच, आत मात्र ॲपलची मॅकओएस, म्हणजे मॅक चालवणारं सॉफ्टवेअर. "दिखेगा मॅक, चलेगा मॅक, भिया."

"मामा, यात चूक काय?" भाच्यानं विचारलं. "मशीन माझं, पैसे माझे. चोरीचं नको असेल तर मॅकओएस विकत घेऊन टाकतो. मग तर झालं?"

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. हाच प्रश्न घेऊन अमेरिकेतली एक कंपनी तीन-चार वर्षं कोर्टात भांडली.

## असेंबल्ड म्हणजे बनावट नव्हे

आधी एक गैरसमज काढू. 'क्लोन' म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरसारखाच वागणारा, तेच प्रोग्रॅम चालवणारा, पण तिसऱ्याच कुणी बनवलेला कॉम्प्युटर. एवढ्यावरून तो बेकायदा ठरत नाही. सिल्वर मॉलमध्ये सुटे भाग जोडून जे मशीन उभं राहतं, ते मुळात आयबीएमच्या कॉम्प्युटरच्या क्लोनचंच वंशज आहे.

आयबीएमनं आपला पर्सनल कॉम्प्युटर ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आणला. घाईत बनवायचा म्हणून बहुतेक माल बाहेरचा घेतला: प्रोसेसर इंटेलचा, कॉम्प्युटर चालवणारी डॉस मायक्रोसॉफ्टची. आयबीएमचं स्वतःचं म्हणावं असं आत एकच मोलाचं चिटोरं होतं, बायोस. कॉम्प्युटर सुरू होताच सगळ्यात आधी जागा होणारा आणि बाकीच्या भागांना हाक मारून कामाला लावणारा हा छोटा प्रोग्रॅम. गंमत म्हणजे आयबीएमनं त्याच्या ओळीन् ओळी आपल्या माहितीपुस्तकात छापूनही टाकल्या होत्या. पण छापलं म्हणजे वापरायला दिलं असं नव्हे. ज्यांनी त्या जशाच्या तशा उतरवल्या, त्यांच्यामागे आयबीएमचे वकील लागले.

कॉम्पॅकनं वेगळी वाट धरली. ती समजायला लोणचं घ्या. शेजारच्या काकूंच्या लोणच्याची कृती त्यांच्या वहीत आहे. ती वही झेरॉक्स करून विकली तर ती नक्कल. पण एकानं लोणचं चाखून लिहून काढलं, 'इतकं आंबट, मोहरी फेसलेली, तेल वर तरंगतं', आणि ज्यानं ती वही जन्मात पाहिलेली नाही अशा दुसऱ्यानं त्या वर्णनावरून आपल्या हातानं लोणचं घातलं, तर काकूंनी कितीही नाक मुरडलं तरी ते लोणचं त्याचं. कॉम्पॅकनं बायोस असाच, दोन वेगळ्या टोळ्यांना एकमेकांपासून दूर ठेवून बनवला आणि १९८२ च्या नोव्हेंबरात आपला कॉम्प्युटर जाहीर केला. पुढे फिनिक्स नावाच्या कंपनीनं याच रीतीनं बनवलेला बायोस ज्याला हवा त्याला विकायला काढला. डॉसचं काय? ती मायक्रोसॉफ्ट कुणालाही विकायला मोकळी होती, कारण आयबीएमशी करार करताना तिनं तो हक्क स्वतःकडे ठेवला होता. क्लोनवाल्यांना चोरी करायची गरजच उरली नाही.

## मग मॅकचा क्लोन का चालत नाही?

कारण ॲपल मशीनही स्वतः बनवते आणि त्यातली ऑपरेटिंग सिस्टिमही, म्हणजे ज्याच्यावर बाकीचे सगळे प्रोग्रॅम चालतात तो मूळ प्रोग्रॅम. ती बाहेरच्या कुणाला देत नाही. 'आमच्यासारखं मशीन बनवा खुशाल, पण आत घालणार काय?' असा तो पेच आहे.

फ्रँकलिन नावाच्या कंपनीनं ॲपल टू या जुन्या मॉडेलचा क्लोन काढला आणि आतले प्रोग्रॅम सरळ उतरवले. इतके सरळ, की ॲपलच्या एका प्रोग्रॅमरचं नाव फ्रँकलिनच्या डिस्कवर तसंच राहून गेलं. कॉपी करणाऱ्या मुलानं शेजाऱ्याचा रोल नंबरही उतरवावा तसं. नक्कल केल्याचं फ्रँकलिन नाकारतही नव्हती. तिचं म्हणणं, ऑपरेटिंग सिस्टिम हा यंत्राचा भाग, त्यावर लेखकाचा हक्क कसला? १९८३ मध्ये अमेरिकेच्या अपील कोर्टानं सांगितलं की हक्क आहे, प्रोग्रॅम माणसानं वाचायचा असो की यंत्रानं. आज आपण ज्या पायावर उभे आहोत तो तिथं घातला गेला.

मधे दोन वर्षं ॲपलनं स्वतःच क्लोनला परवानगी दिली होती, हे आता कुणाच्या फारसं लक्षात नाही. १९९५ पासून पॉवर कॉम्प्युटिंगसारख्या कंपन्या पैसे भरून रीतसर मॅक क्लोन विकत होत्या. नवे ग्राहक येतील ही आशा होती, प्रत्यक्षात ॲपलचीच गिऱ्हाइकं तिकडे गेली. १९९७ मध्ये स्टीव्ह जॉब्स परत आले आणि त्यांनी दुकान बंद केलं. युक्ती बघा: क्लोनवाल्यांचे करार 'सिस्टिम ७' पुरते होते, तेव्हा पुढच्या आवृत्तीचं नावच 'मॅक ओएस ८' ठेवलं. पॉवर कॉम्प्युटिंगचा मॅकचा धंदा १० कोटी डॉलरला विकत घेऊन टाकला. तेव्हापासून मॅकओएस फक्त ॲपलच्या मशीनवर.

## सायस्टारनं नेमकं केलं काय

२००६ पासून ॲपलनं मॅकमध्ये इंटेलचे प्रोसेसर घालायला सुरुवात केली, म्हणजे मॅकच्या पोटात आणि सिल्वर मॉलच्या मशीनच्या पोटात जवळपास एकच माल आला. कुणीतरी ही संधी साधणार हे उघड होतं. एप्रिल २००८ मध्ये फ्लोरिडातल्या सायस्टार या छोट्या कंपनीनं ३९९ डॉलरपासून मिळणारं मशीन जाहीर केलं. नाव आधी 'ओपनमॅक', मग घाईघाईनं बदलून 'ओपन कॉम्प्युटर'. तेव्हा ॲपलचा सगळ्यात स्वस्त मॅक ५९९ डॉलरला होता. जुलैमध्ये ॲपलनं दावा ठोकला.

आता सायस्टारची पद्धत जवळून बघण्यासारखी आहे, कारण सगळा निकाल त्या पद्धतीवर फिरला. तिनं एक खराखुरा मॅक मिनी घेतला. त्यावर मॅक ओएस एक्स (मॅकओएसचं तेव्हाचं नाव) टाकली. तिथून ती दुसऱ्या, ॲपलच्या नसलेल्या मशीनवर उतरवली. त्यात मशीन सुरू करणारा ॲपलचा भाग काढून स्वतःचा बसवला, आणखी काही तुकडे घातले. असा एक 'मास्टर' तयार झाला, आणि त्याच्यावरून विकायच्या प्रत्येक मशीनवर छापा मारत गेले. आपल्याकडे दुकानदार एका हार्ड डिस्कवरून दहा मशीन 'भरतो' तेच काम, जरा नीटनेटकं.

आणि प्रत्येक खोक्यात सायस्टार ॲपलची एक अस्सल, सीलबंद, पैसे मोजून घेतलेली डीव्हीडी ठेवत होती.

## "पण डीव्हीडी विकत घेतली होती ना!"

भाचा इथंच अडला, आणि बहुतेक लोक इथंच अडतात. चोरी कुठे आहे? जितकी मशीनं, तितक्या डीव्हीडी. ॲपलला प्रत्येकीचे पैसे मिळाले.

आपल्या गणेशोत्सवातल्या नाटकांचं उदाहरण घेऊ. नाटकाचं पुस्तक तुम्ही दुकानातून घेतलं. ते वाचा, मित्राला द्या, वाचून झाल्यावर रद्दीत घाला, लेखक काही बोलणार नाही. पण पुस्तकाच्या पहिल्या पानांवर एक ओळ हमखास असते: या नाटकाच्या प्रयोगासाठी लेखकाची लेखी परवानगी आवश्यक. पुस्तकाची किंमत ही वाचायची किंमत आहे, प्रयोगाची नव्हे. सायस्टारनं काय केलं? प्रत्येक प्रेक्षकाच्या हातात नाटकाचं कोरं पुस्तक ठेवलं, आणि रंगमंचावर मात्र मधले दोन प्रवेश बदललेल्या झेरॉक्स संहितेवरून प्रयोग लावला. हातातलं पुस्तक कुणी उघडलंसुद्धा नव्हतं.

(नाटकाचं उदाहरण उगाच घेतलेलं नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम 'साहित्यकृती'मध्येच मोडतो. साहित्य संमेलनाला प्रोग्रॅमर मंडळींना अजून कुणी बोलावत नाही, ही गोष्ट वेगळी.)

न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी नोव्हेंबर २००९ मध्ये हाच धागा धरला. विकत घेतलेली वस्तू पुढे विकायचा हक्क असतो हे खरं. जुन्या पुस्तकांची दुकानं त्यावरच चालतात. पण तो हक्क *त्या* प्रतीपुरता असतो. सायस्टारच्या मशीनमध्ये चालत होती ती डीव्हीडीतली प्रत नव्हे, मास्टरवरून काढलेली नवी प्रत होती, वर तिच्यात फेरफार. एक नक्कल करण्याचा दोष, दुसरा ती वाटण्याचा, तिसरा बदल करण्याचा.

चौथा दोष कुलपाचा. ॲपलनं मॅकओएसचे महत्त्वाचे भाग सांकेतिक भाषेत गुंडाळून त्याची किल्ली मशीनच्या चिपमध्ये ठेवली होती. ही किल्ली म्हणजे अगम्य आकडे नव्हते. 'आमची मेहनत, या शब्दांनी राखलेली, कृपया चोरू नका' अशा अर्थाची इंग्रजीतली एकसलग विनवणी होती ती. कुलूप अगदीच दिवाणखान्यातल्या कपाटाचं. पण कायदा कुलूप किती मजबूत होतं हे बघत नाही, ते चुकवलं की नाही हे बघतो, आणि सायस्टारनं ते चुकवलं होतं.

डिसेंबर २००९ मध्ये कायमची मनाई झाली, सुमारे २७ लाख डॉलरची तडजोड ठरली. सप्टेंबर २०११ मध्ये अपील कोर्टानंही ॲपलची बाजू उचलून धरली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला.

## "आमच्याच मशीनवर चालवा, ही दादागिरी नाही का?"

सायस्टारनंही हेच म्हटलं. तिचा पहिला युक्तिवाद मक्तेदारीचा: मॅकची बाजारपेठ ॲपलनं अडवून ठेवली आहे. कोर्टानं तो २००८ च्या नोव्हेंबरातच फेटाळला. मॅक हा काही स्वतंत्र बाजार नव्हे, ज्याला नको तो दुसरा कॉम्प्युटर घेऊ शकतो. दुसरा युक्तिवाद, कॉपीराइटचा गैरवापर. अपील कोर्टाचं उत्तर होतं की ॲपल कुणाला दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बनवण्यापासून अडवत नाही. तुम्ही आपली बनवा आणि आपल्या मशीनवर विका, फक्त आमची उचलू नका.

किमतीचाही एक मुद्दा आहे. ती डीव्हीडी १२९ डॉलरला होती, कारण घेणाऱ्यानं मॅकचे पैसे आधीच मोजलेले असणार हे गृहीत होतं. बस पासवाल्याला मिळणाऱ्या सवलतीच्या तिकिटासारखं. २०१३ पासून तर मॅकओएस फुकटच मिळते. म्हणजे भाच्याचं 'विकत घेऊन टाकतो' हे आज शक्यच नाही, विकायला कुणी ठेवलेलीच नाही.

एवढं मला पटतं. एक गोष्ट मात्र खटकते. अपील कोर्टानं पुढे जाऊन असंही म्हटलं की ॲपलनं डीव्हीडीतलं सॉफ्टवेअर विकलंच नव्हतं, फक्त 'लायसन्स' दिलं होतं, म्हणजे अटींसह वापरायची परवानगी. दुकानात जाऊन, पैसे मोजून, पावती घेऊन आणलेली वस्तू, आणि आतला कागद म्हणतो की ही विक्री नव्हेच! असा कागद मग कुणीही छापावा. युरोपच्या न्यायालयाला हे मान्य झालं नाही. जुलै २०१२ मध्ये ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणात त्यांनी सांगितलं, एकरकमी पैसे घेऊन कायमचं वापरायला दिलं तर ती विक्रीच, कागदावर नाव काहीही लिहा. घेणारा ते पुढे विकू शकतो, पण आपल्याकडची प्रत बंद करून. सायस्टार तिथंही तरली असती असं नाही. मास्टरवरून छापे मारणं तिथंही बसत नाही. पण साध्या गिऱ्हाइकाला तिथं जास्त जागा आहे.

## आपल्याकडे काय?

भारतात या बाबतीत दोन निकाल एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, आणि दोन्ही बरोबर आहेत. २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, सीडीवरचं तयार सॉफ्टवेअर हा 'माल' आहे, त्यावर विक्रीकर लागेल. मार्च २०२१ मध्ये इंजिनीअरिंग ॲनालिसिस या कंपनीच्या प्रकरणात तेच न्यायालय म्हणालं, तयार सॉफ्टवेअरसाठी परदेशी कंपनीला दिलेले पैसे रॉयल्टी नव्हेत, कारण घेणाऱ्याच्या हाती कॉपीराइट येतच नाही, फक्त वापरायची प्रत येते. दोन्ही भांडणं कराची होती, क्लोनची नव्हेत. पण पुस्तक तुमचं आणि नाटक लेखकाचं, हा फरक दोन्हीकडे तोच आहे.

कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ वापरणाऱ्याच्या बाजूचं आहे: प्रत रीतसर तुमच्याकडे असेल, तर ती चालवण्यासाठी लागेल ती नक्कल किंवा बदल करता येतो, बॅकअपही घेता येतो. पण कशासाठी? 'ज्या कामासाठी प्रोग्रॅम दिला गेला त्या कामासाठी.' ॲपल म्हणेल, तो आमच्या मशीनसाठी दिला होता. सगळं भांडण या एका ओळीत मावतं. २०१२ च्या दुरुस्तीनं कुलूप तोडण्याबद्दलचं कलम ६५-क आलं, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्यात मात्र हक्क बुडवायचा हेतू असावा लागतो.

आणि दुकानदाराचं 'फ्री'? त्याला धंद्यात 'हार्ड डिस्क लोडिंग' म्हणतात. मशीन विकलं जावं म्हणून त्यात चोरीचं सॉफ्टवेअर भरून द्यायचं. मायक्रोसॉफ्टनं अशा विक्रेत्यांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावे लावले आणि २००५ मध्ये एका प्रकरणात १९ लाख ७५ हजारांची भरपाई मिळवली. गिऱ्हाईकही सुटत नाही. कलम ६३-ख प्रमाणे, चोरीची प्रत आहे हे *माहीत असून* कॉम्प्युटरवर वापरली तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी वापरली नसेल तर कोर्ट कैद टाळून दंडावर सोडू शकतं. लग्नाचे व्हिडिओ हा धंदा आहे, हे मी भाच्याला सांगितलं. ताई स्वयंपाकघरातून ऐकत होती.

## "विंडोज तर कुठल्याही मशीनवर चालते, मग तिथं लायसन्सचं काय?"

तिथंही फांद्या आहेत. ब्रँडेड लॅपटॉपबरोबर येणारं ओईएम लायसन्स, म्हणजे मशीन बनवणाऱ्यामार्फत मिळालेलं, हे त्या मशीनला, खरं तर त्याच्या मदरबोर्डला बांधलेलं असतं. मदरबोर्ड बदलला की बहुधा तेही गेलं. सुटं घेतलेलं रिटेल लायसन्स एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर नेता येतं, म्हणून ते महाग. तिसरं कंपन्यांसाठीचं घाऊक लायसन्स. एखाद्या ऑफिससाठी दिलेली किल्ली किरकोळीत विकली जाते तेव्हा विंडोज 'ॲक्टिव्हेट' होते, पण तेवढ्यानं ती तुमची होत नाही. दार उघडलं म्हणून घर आपलं होत नाही, तसंच.

## कुलूप आता कागदावर नाही

सायस्टारच्या वेळी अट कागदावर होती आणि कुलूप लुटुपुटूचं. म्हणून तर प्रकरण कोर्टात गेलं, तिथं युक्तिवाद झाले, न्यायाधीशांनी कारणं लिहिली, आपण त्यांच्याशी वाद घालू शकतो. नोव्हेंबर २०२० पासून ॲपल मॅकमध्ये स्वतःची चिप घालते. ती बाजारात मिळत नाही. आणि २०२५ मध्ये तिनं जाहीर केलं की 'टाहो' ही इंटेलवाल्या मॅकवर चालणारी शेवटची मॅकओएस. म्हणजे दुकानदाराच्या त्या तीन हजारांच्या मॅकचं आयुष्य आधीच ठरलेलं आहे. यापुढे कुणी सायस्टार निघालीच, तर तिच्यावर दावा लावायची ॲपलला गरज पडणार नाही, कारण मशीन सुरूच होणार नाही. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप क्लोन अडवायला नाही, पण भाच्याचं धडधाकट जुनं मशीन बाद झालं ते काहीसं याच जातीच्या कारणानं. या नकाराविरुद्ध अपील कुठे करायचं?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सिल्वर मॉलला गेलो. दुकानदाराला सांगितलं, खालची ओळ काढा. त्याला वाटलं, आम्ही घासाघीस करतोय. "अरे, वो तो फ्री है, भिया, उसका क्या काटना?" शेवटी त्यानं ती ओळ खोडली आणि पक्क्या बिलावर लिहिलं, 'ओएस नहीं'. भाच्यानं घरी येऊन उबुंटू ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. ती कुणीही कुणालाही रीतसर देऊ शकतो, दुकानदारसुद्धा. एडिटिंगसाठी विंडोजचं रिटेल लायसन्स घ्यायचं लग्नसराईच्या पहिल्या पैशातून ठरलंय. तोवर प्रिंटर चालतोय. स्कॅनर अजून नाही.